कल्चरचा रिपोर्ट जपून ठेवा, औषधाला नकार देऊ नका

प्रश्न : माझा मुलगा साडेतीन महिन्यांचा आहे. पाणी आधीच गेल्यामुळे त्याचा जन्म बत्तिसाव्या आठवड्यात झाला आणि वजन दीड किलो भरले. त्याला लगेच पेटीत ठेवून पहिल्याच दिवसापासून प्रतिजैविके सुरू करण्यात आली. आठव्या दिवशी त्याला दूध पचेना आणि श्वास मध्येच थांबू लागला. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, क्लेब्सिएला नावाचा जंतू निघाला आणि तो बहुतेक औषधांना दाद देत नाही, असे आम्हाला सांगितले. औषधे दोनदा बदलली, शेवटी कोलिस्टिनवर तो बरा झाला. आता त्याला हर्निया असल्याचे निदान झाले असून पुढच्या महिन्यात दुसऱ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया करायची आहे. मी गरोदरपणाच्या शेवटी प्रतिजैविके घेतली होती. माझ्या चार वर्षांच्या मुलीलाही प्रत्येक सर्दी-खोकल्याला आमचे डॉक्टर अ‍ॅझिथ्रोमायसिनची बाटली देतात आणि उरलेले औषध आम्ही पुढच्या वेळी वापरतो. या सगळ्यामुळेच बाळावर ही वेळ आली का? सासूबाई म्हणतात, या औषधांनीच घात केला, आता ऑपरेशनच्या वेळी एकही ‘हाय अँटिबायोटिक’ देऊ द्यायचे नाही. बाळात अजून तो जंतू असेल, या भीतीने त्या मुलीला त्याच्याजवळ जाऊ देत नाहीत. आम्ही काय करावे?
— एक आई, सांगली जिल्हा

उत्तर :

ज्या प्रश्नाने तुमची झोप उडवली आहे, त्याचे उत्तर आधी देते. गरोदरपणात तुम्ही घेतलेल्या औषधांमुळे बाळाला हा जंतुसंसर्ग झाला, असे मानण्यास आधार नाही. पाणी आधीच गेलेले असते आणि प्रसूतीला अवकाश असतो, तेव्हा गर्भपिशवीत जंतू शिरून आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका होऊ नये म्हणून आईला प्रतिजैविक देणे ही जगभर मान्य असलेली उपचारपद्धती आहे, आणि तुमच्या डॉक्टरांनी तेच केले. मुलीला पाजलेल्या बाटल्यांबद्दल मला पुढे स्पष्टपणे बोलायचे आहे, पण पेटीत असलेल्या बाळाच्या आजाराशी त्यांचा थेट संबंध जोडू नका. आठव्या दिवशी उद्भवलेला आणि इतक्या औषधांना दाद न देणारा क्लेब्सिएला हा बहुतांशी रुग्णालयातच बाळाच्या अंगावर आणि आतड्यात वस्तीला आलेला असतो.

सासूबाईंची भीतीही मी समजू शकते. मुठीएवढ्या हातात सुई खुपसलेली, एक औषध थांबवून दुसरे, दुसरे थांबवून तिसरे असे चाललेले ज्यांनी काचेच्या पलीकडून पाहिले, त्यांच्या मनात औषधाविषयी राग बसणे स्वाभाविक आहे. परंतु बाळाला शेवटी वाचवले ते औषधानेच. कोलिस्टिन हे १९४०च्या दशकाच्या अखेरीस सापडलेले जुने औषध असून मूत्रपिंडावरील दुष्परिणामांमुळे पुढे डॉक्टरांनी ते जवळजवळ बाजूला ठेवले होते. आज तेच पुन्हा हाती घ्यावे लागते, कारण अशा जंतूंपुढे दुसरे फारसे काही उरलेले नाही. म्हणून शस्त्रक्रियेच्या वेळी ‘एकही प्रतिजैविक नको’ अशी अट घालू नका. बाळाला ते लागलेच आणि तासाभराचा उशीर झाला, तर त्याची किंमत फार मोठी असते.

हा जंतू बाळापर्यंत पोहोचला कसा, हे समजून घेतले तर पुढच्या वेळी काय पाहायचे ते कळेल. क्लेब्सिएला मूळचा माणसाच्या आतड्यात राहणारा जिवाणू आहे आणि निरोगी माणसाला तो सहसा त्रास देत नाही. नवजात अतिदक्षता विभागात मात्र त्याला वाटा भरपूर मिळतात : सक्शनची नळी, नाकातून पोटात घातलेली दुधाची नळी, शिरेतली सुई, सगळ्या बाळांसाठी एकच असलेला वजनकाटा, एकाच बाटलीतून अनेकांसाठी काढलेले औषध, बेसिनचा ओला कठडा आणि या सर्वांना जोडणारे माणसांचे हात. रात्रपाळीला एका सिस्टरकडे जितकी बाळे अधिक, तितके दोन बाळांमध्ये हात स्वच्छ करणे राहून जाण्याची शक्यता अधिक. यात त्या सिस्टरला दोष देण्यात अर्थ नाही, पुरेशी माणसे न नेमणाऱ्या व्यवस्थेचा तो दोष आहे.

दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांमध्ये २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० नवजात बाळांचा अभ्यास झाला आणि त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. ही सर्व बाळे त्याच रुग्णालयांत जन्मलेली होती, म्हणजे बाहेरून संसर्ग घेऊन कोणी आलेले नव्हते. ज्यांच्या रक्तात जंतू सापडले, त्यांत अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय हे तिघे आघाडीवर होते. तीन किंवा अधिक गटांतील औषधांना दाद न देणाऱ्या जंतूंचे प्रमाण अ‍ॅसिनेटोबॅक्टरमध्ये ८२ टक्के, क्लेब्सिएलामध्ये ५४ टक्के आणि ई. कोलायमध्ये ३८ टक्के आढळले. निम्म्याहून अधिक जंतुसंसर्ग जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतच झाले होते. रक्तात जंतू सापडलेल्या बाळांपैकी जवळजवळ निम्मी बाळे दगावली. हे आकडे तुम्हाला घाबरवण्यासाठी देत नाही. तुमचे बाळ कशातून तरून आले आणि त्याची मुळे एखाद्या आईच्या हातून घडलेल्या चुकीत नसून प्रसूतिगृहाच्या आणि नवजात विभागाच्या कारभारात कशी असतात, हे यातून दिसते.

औषधांना दाद न देण्याचा गुण जंतूंमध्ये पसरतो, तोही विलक्षण वेगाने. क्लेब्सिएलाजवळ हा गुण बरेचदा एका सुट्या, वर्तुळाकार जनुकीय धाग्यावर असतो, त्याला प्लाझ्मिड म्हणतात. एक जिवाणू दुसऱ्याला चिकटून या धाग्याची प्रत त्याला देतो. शेजारणीला चमचाभर विरजण दिले तरी आपले दही आपल्याकडे राहते आणि तिच्याकडेही नवे लागते, तसे हे आहे. ज्याला तो धागा मिळाला तो जिवाणू मेरोपेनेमसारख्या प्रबळ प्रतिजैविकाचा रेणूच तोडून टाकणारे विकर (एन्झाइम) तयार करू लागतो. आता अशा विभागात प्रत्येक बाळाला सरसकट प्रतिजैविक चालू असेल, तर साधे, निरुपद्रवी जंतू मरतात आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नेमका हा धागा बाळगणारे जंतू फोफावतात. म्हणजे एका बाळाला गरज नसताना दिलेले औषध शेजारच्या पेटीतल्या दुसऱ्या बाळाला भोवू शकते. बालरुग्णालयांमधील प्रतिजैविकांचा प्रश्न मला सर्वांत अस्वस्थ करतो तो याच ठिकाणी, कारण त्या दुसऱ्या बाळाच्या आईला याचा पत्ताही नसतो.

हा प्रश्न केवळ आपल्याकडच्या गर्दीचा किंवा गरिबीचा आहे असेही नाही. उत्तर आयर्लंडमध्ये २०११-१२ च्या हिवाळ्यात नवजात विभागांमध्ये स्यूडोमोनास या जंतूची साथ येऊन चार बाळांचा मृत्यू झाला. बेलफास्टमधील विभागात, जेथे त्यांपैकी तीन बाळे दगावली, चौकशीअंती बोट ठेवले गेले ते बेसिनच्या नळांवर. हात स्वच्छ करण्यासाठी बसवलेल्या नळांच्या आतच जंतूंचा थर साचला होता आणि ते नळ बदलावे लागले. साधनसंपन्न देशातही अशी गोष्ट घडते, ती शोधली जाते, तिचा अहवाल लोकांपुढे ठेवला जातो. आपल्याकडे उणीव आहे ती या शेवटच्या गोष्टीची. आपल्या विभागात गेल्या सहा महिन्यांत कोणते जंतू निघाले आणि ते कोणत्या औषधांना दाद देतात, याचा तक्ता प्रत्येक नवजात विभागाकडे असला पाहिजे आणि एखाद्या पालकाने विचारल्यास तो दाखवण्यात संकोच वाटता कामा नये, असे माझे ठाम मत आहे.

अशा संसर्गापासून बाळाला वाचवणारी एक मोठी गोष्ट औषधाच्या बाटलीत मिळत नाही. १ ते १.८ किलो वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवले तर काय होते, याचा अभ्यास भारतासह पाच देशांत झाला, आणि आपल्याकडे तो दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, प्रकृती स्थिरावेपर्यंत आईपासून वेगळ्या ठेवलेल्या बाळांपैकी १५.७ टक्के पहिल्या अठ्ठावीस दिवसांत दगावली, तर लगेच आईजवळ दिलेल्यांपैकी १२ टक्के. जंतुसंसर्गाचा संशय घ्यावा लागण्याचे प्रमाणही दुसऱ्या गटात कमी होते. आईच्या कातडीवरचे साधे जंतू बाळाच्या अंगावर आधी वस्ती करतात आणि रुग्णालयातल्या जंतूंना जागा कमी उरते, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते. आईचे दूध आतड्याच्या बाबतीत हेच काम करते. शस्त्रक्रियेच्या वेळी तुम्ही सतत बाळाजवळ राहणार आणि भूल उतरल्यानंतर ते अंगावरच पिणार, हे आधीच सांगून ठेवा, आणि भुलेपूर्वी दूध किती तास आधी थांबवायचे ते भूलतज्ज्ञांना विचारून लिहून घ्या.

आता डॉक्टरांच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. नवजात बाळाचा जंतुसंसर्ग मोठ्या माणसासारखा ताप येऊन जाहीर होत नाही. बाळ थोडे सुस्त होते, दूध ओढत नाही, अंग गार पडते, श्वास अडखळतो, आणि हीच लक्षणे साखर कमी झाल्यानेही दिसतात किंवा केवळ दिवस पूर्ण न भरल्यानेही. वाट पाहिली आणि खरोखरच संसर्ग असेल, तर काही तासांत बाळ हातचे जाते. पाणी आधी गेलेले, दीड किलोचे बाळ समोर असताना पहिल्या दिवशी प्रतिजैविक सुरू करणे चुकीचे नव्हते, मीही तेच केले असते. गाडे अडते ते औषध थांबवण्याच्या वेळी.

तिसऱ्या दिवसाचा राउंड डोळ्यांसमोर आणा. बाळ गुलाबी आहे, दूध पचते आहे, श्वासाचा वेग ठीक आहे आणि कल्चरच्या बाटलीत काही उगवलेले नाही. बाळाच्या रक्तात खरोखरच जंतू असतील, तर यंत्रात ठेवलेली बाटली बहुतेक वेळा छत्तीस ते अठ्ठेचाळीस तासांत तसा इशारा देते. म्हणजे या बाळाचे औषध आज बंद करायला हरकत नाही. परंतु फाइलवर सीआरपीचा, म्हणजे शरीरातला दाह दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा, आकडा थोडा वाढलेला दिसतो, आणि कोणीतरी म्हणते, सुरू केलेच आहे तर सात दिवस पूर्ण करू. कठीण प्रसूतीनंतर संसर्ग नसतानाही सीआरपी वाढतो, हे सर्वांना ठाऊक असते, तरीही थांबवण्याची जबाबदारी कोणी एकट्याने घेऊ धजत नाही. त्या अनाठायी चार दिवसांत बाळाच्या आतड्यातली सगळी घडी विस्कटते. रक्तात काहीही न उगवलेल्या, कमी दिवसांच्या बाळांना सुरुवातीची प्रतिजैविके लांबवली, तर आतडे सडण्याच्या गंभीर आजाराशी आणि मृत्यूशी त्याचा संबंध दिसून आलेला आहे. बुरशीजन्य संसर्गाचा धोकाही वाढतो.

यावर उपाय सापडलेले आहेत आणि ते फार खर्चिकही नाहीत. अमेरिकेतील कोलोरॅडोच्या बालरुग्णालयाने एक पद्धत रूढ केली, तिला ‘हँडशेक स्टुअर्डशिप’ म्हणतात. प्रतिजैविकांसाठी आधी परवानगीचा अर्ज भरा, असा दंडक तेथे ठेवला नाही. एक संसर्गरोगतज्ज्ञ आणि एक औषधतज्ज्ञ मिळून रुग्णालयातील मुलांना चालू असलेली प्रतिजैविके रोज तपासतात आणि मग प्रत्येक विभागात स्वतः चालत जाऊन तेथील डॉक्टरांशी समोरासमोर बोलतात : हे अजून हवे आहे का, याहून साधे चालेल का, आज थांबवता येईल का. त्यामुळे थांबवण्याचा निर्णय घेणारा डॉक्टर एकटा पडत नाही, आणि प्रतिजैविकांचा वापर कमी करण्यात या पद्धतीला यश आले. तालुक्याच्या ठिकाणी असा तज्ज्ञ नसतो, कल्चरचा नमुना शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवावा लागतो आणि रिपोर्ट हाती येईपर्यंत कधी कधी औषधाचे दिवस संपलेले असतात, हे मला माहीत आहे. तरी दुसऱ्या दिवसाच्या अखेरीस ‘चालू ठेवायचे की बंद करायचे, आणि का’ एवढे एक वाक्य फाइलमध्ये लिहिण्याची शिस्त कोणत्याही छोट्या रुग्णालयाला लावून घेता येईल.

येथेच पालकांच्या प्रश्नाला वजन येते. औषध सुरू करायच्या क्षणी वाद घालू नका. त्या वेळी एवढेच विचारा, की पहिल्या डोसच्या आधी कल्चरसाठी रक्त घेतले आहे ना. पहिला डोस गेल्यानंतर घेतलेल्या रक्तात जंतू उगवण्याची शक्यता बरीच कमी होते, आणि मग पुढचे सगळे उपचार अंदाजाने चालतात. दोन दिवसांनी पुन्हा विचारा, की कल्चरमध्ये काय आले आणि त्यानुसार औषध थांबवता किंवा साधे करता येईल का. रिपोर्टवर एखादे साधे औषध चालेल असे असूनही मोठेच चालू असेल, तर त्याचे कारण विचारा. हे प्रश्न नम्रपणे विचारले तर कोणत्याही चांगल्या डॉक्टरला त्यांचा राग येणार नाही. मला तर ते विचारणारे पालक हवे असतात, कारण त्यामुळे आम्हालाही थांबून विचार करावा लागतो.

तुमच्या बाळाच्या शस्त्रक्रियेसाठी याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. बाळ बरे झाले तरी तो क्लेब्सिएला त्याच्या आतड्यात काही महिने मुक्काम करून असू शकतो. बाळाला त्याचा काहीही त्रास नसतो, आणि तो घालवण्यासाठी औषध देणे शहाणपणाचे नाही, कारण त्याने तो जात नाही, उलट अधिक निबर होतो. पण नव्या रुग्णालयाला हे माहीत असलेच पाहिजे. जुना कल्चर रिपोर्ट, ज्यात जंतूचे नाव आणि पुढे औषधांची यादी एस (चालते), आय (मधले), आर (चालत नाही) अशा अक्षरांसह दिलेली असते, तो मिळवा, त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि पहिल्याच भेटीत शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ या दोघांनाही दाखवा. डिस्चार्ज कार्डावर केवळ ‘जंतुसंसर्ग, उपचार केले’ एवढेच लिहिले असेल, तर मूळ रुग्णालयातून रिपोर्टची प्रत मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. दुर्दैवाने शस्त्रक्रियेनंतर बाळाला काही संसर्ग झालाच, तर कोणते औषध चालणार नाही हे डॉक्टरांना पहिल्या तासातच कळेल, गेल्या खेपेसारखी दोनदा औषधे बदलण्याची वेळ कदाचित येणार नाही. रिपोर्ट पाहून त्यांनी बाळाला कोपऱ्यातली जागा दिली किंवा त्याला हात लावताना हातमोजे घातले, तर वाईट वाटून घेऊ नका. ती काळजी शेजारच्या बाळांसाठी असते, आणि गेल्या वेळी कोणीतरी ती तुमच्या बाळासाठी घ्यायला हवी होती.

हर्नियाची शस्त्रक्रिया स्वच्छ स्वरूपाची असते. प्रतिजैविक लागलेच तर छेद घेण्यापूर्वी एक डोस दिला जातो आणि एवढ्यावर ते थांबते. शस्त्रक्रिया संपल्यानंतर केवळ खबरदारी म्हणून प्रतिजैविक पुढे चालू ठेवू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये सांगितलेले आहे. त्यामुळे घरी जाताना ‘टाके भरेपर्यंत’ म्हणून पाच दिवसांचे सिरप लिहून दिले, तर ते कशासाठी आहे असे जरूर विचारा. कमी दिवसांच्या बाळाचा श्वास भुलेनंतर थांबू शकतो, म्हणून एक रात्र देखरेखीखाली ठेवतील, ते आवश्यक आहे. त्यापलीकडे कारण नसताना मुक्काम वाढवू नका. आणि तारखेच्या आधीच हर्नियाचा फुगवटा कडक झाला, बाळ सतत रडू लागले किंवा उलट्या होऊ लागल्या, तर तारखेची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठा.

मुलीला भावापासून दूर ठेवण्याची गरज नाही. बाळाचा लंगोट बदलल्यावर प्रत्येकाने साबणाने हात स्वच्छ धुवावेत, सासूबाईंनीही, आणि बाळाला घेण्यापूर्वी मुलीने तसेच धुवावेत. तिला सर्दी झालेली असताना मात्र तिने बाळाच्या तोंडाजवळ जाऊ नये. कारण मोठ्या मुलाला नुसती सर्दी करणारा विषाणू दिवस पूर्ण न भरलेल्या बाळाला रुग्णालयात न्यावे लागेल इतकी धाप लावू शकतो. तुमच्या घरात आज खरी भीती असेल तर ती याची आहे, क्लेब्सिएलाची नव्हे.

आता त्या बाटल्यांविषयी. बालवाडीत जाणाऱ्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी-खोकला होणे नेहमीचे आहे. तो बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो, आणि विषाणूंवर कोणतेही प्रतिजैविक काम करत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणूंचा संसर्ग झाला, हा समज चुकीचा आहे. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळू शकतो. तुम्ही पाहायचे ते श्वासाकडे. मुलगी शांत किंवा झोपलेली असताना तिचे पोट वर उचलले जाते ते पूर्ण एक मिनिट मोजा. एक ते पाच वर्षांच्या मुलामध्ये हा आकडा चाळीस किंवा अधिक असेल, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, मूल पाणीही घेत नसेल अथवा ग्लानीत असेल, तर ताबडतोब डॉक्टरांकडे जा. न्यूमोनिया असेल तर प्रतिजैविक द्यावेच लागेल, आणि अशा मुलांसाठी बरेचदा साधे, स्वस्त अमॉक्सिसिलिन हेच योग्य औषध असते. महाग किंवा ‘हाय’ औषध म्हणजे अधिक चांगले औषध, असे नसते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ पासून प्रतिजैविकांची ‘अ‍ॅक्सेस’, ‘वॉच’ आणि ‘रिझर्व्ह’ अशी विभागणी केली आहे. अमॉक्सिसिलिन पहिल्या गटात आहे, अ‍ॅझिथ्रोमायसिन जपून वापरण्याच्या दुसऱ्या गटात, आणि तुमच्या बाळाला लागलेले कोलिस्टिन राखून ठेवायच्या तिसऱ्या गटात.

अ‍ॅझिथ्रोमायसिन सर्दीवर वाया जाते याचे मला विशेष वाईट वाटते, कारण विषमज्वरावर (टायफॉइडवर) तोंडाने देता येतील अशी जी मोजकी औषधे आपल्याकडे अजून चालतात, त्यांपैकी ते एक आहे. पाकिस्तानातील सिंध प्रांतात २०१६ पासून अशा विषमज्वराची साथ पसरली, ज्यावर तोंडाने देण्याजोगे बहुधा हेच एक औषध उरले होते. आपल्याकडे नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये नऊ महिने ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी विषमज्वराच्या नव्या संयुग्मित (कॉन्ज्युगेट) लशीची मोहीम हाती घेतली. मुलाला आजारच झाला नाही तर औषधाचा प्रश्नच येत नाही. मुलीला ही लस दिलेली नसेल तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून द्या, आणि बाळालाही सहा महिन्यांनंतर देता येईल. बाळाचे लसीकरण कार्डही आजच पाहा. न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची न्यूमोकोकल लस २०२१ पासून देशभर सरकारी कार्यक्रमात मोफत मिळते, तिचा दुसरा डोस चौदाव्या आठवड्याचा, म्हणजे तुमच्या बाळाच्या बाबतीत आत्ताचाच आहे. दिवस पूर्ण न भरलेल्या बाळाच्या लशी जन्मतारखेपासून मोजूनच द्यायच्या असतात, त्या मागे ढकलायच्या नसतात.

घरात उरलेल्या बाटल्या आजच काढून टाका. कोरड्या पावडरीत पाणी मिसळून केलेले औषध थोड्याच दिवसांत निकामी होते, आणि मुलाचा डोस वजनावर ठरत असल्यामुळे सहा महिन्यांपूर्वीचे माप आज उपयोगाचे नसते. तुमच्या डॉक्टरांशी भांडू नका. औषध न देता परत पाठवले तर पालक दुसऱ्या दवाखान्यात जातील, या धास्तीने पुष्कळ डॉक्टर बाटली लिहितात. पुढच्या वेळी तुम्हीच म्हणा, “डॉक्टर, आज प्रतिजैविक न देता दोन दिवस वाट पाहिली तर चालेल का? कशावरून लगेच परत यायचे तेवढे सांगा.” हे ऐकून त्यांनाही हायसे वाटेल, असा माझा अनुभव आहे. मुलीच्या खोकल्याला रात्री झोपताना चमचाभर मध द्यायला हरकत नाही. बाळाला मात्र वर्षाचे होईपर्यंत मधाचे बोटही चाटवू नका.

राहिली एक तपासणी, जिचा उल्लेख तुमच्या पत्रात नाही. डिस्चार्ज कार्डावरच्या औषधांत अमिकासिन किंवा जेंटामायसिन यांपैकी एखादे नाव आहे का ते पाहा. ही औषधे जीव वाचवतात, पण कधी कधी कानाच्या नसेला इजा करतात. अतिदक्षता विभागात पाच दिवसांहून अधिक राहिलेल्या बाळाची श्रवणचाचणी तशीही व्हायलाच हवी, आणि ती ‘बेरा’ या पद्धतीने, म्हणजे आवाजाला कानाची नस आणि मेंदू देत असलेला प्रतिसाद यंत्राने मोजून, झालेली बरी. ती तीन महिन्यांच्या आत होणे अपेक्षित असते, तेव्हा झाली नसेल तर आता उशीर करू नका. कोलिस्टिन मिळाले असल्यामुळे शस्त्रक्रियेपूर्वीच्या रक्ततपासणीत मूत्रपिंडाचे काम दाखवणारे क्रिएटिनिनही तपासायला सांगा. बेरासाठी बाळ गाढ झोपलेले असावे लागते, म्हणून पोटभर पाजून, त्याच्या दुपारच्या झोपेच्या वेळी नेलेत तर ती एका फेरीत होऊन जाईल.